पेजेतलं पाणी

माझ्या नवऱ्याला मी पाणी देत नाही, अशी माझी ख्याती लोणावळ्याच्या बाजारापासून औंढ्याच्या शेवटच्या घरापर्यंत पसरली होती. भाजीवाली वांगी तोलता तोलता म्हणायची, "बाई, घोटभर तरी देत जावा. कशाला पाप घेता डोक्यावर?" मी वांगी तिच्या टोपलीत परत टाकून चालू लागायचे. शेजारीण तर माझ्यादेखत ह्यांना विचारायची, "आज मिळालं का पाणी?" आणि हे गरीब गाईसारखं तोंड करून हसायचे. शेजारणीपेक्षा त्या हसण्याचाच मला जास्त संताप यायचा.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. हे रेल्वेत फिटर, मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. पस्तिशीतल्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. लघवी जवळपास बंद. प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं. आधी पावलं सुजायची, मग डोळ्यांखाली फुगायचं, आणि जास्त झालं की छातीत भरून धाप लागायची. मुंबईतल्या एका इस्पितळात रक्त धुण्याचं मशीन होतं. रेल्वेच्या डॉक्टरांनी खटपट करून तिथं ह्यांना जागा मिळवून दिली. सोमवार आणि गुरुवार असे आठवड्याचे दोन दिवस. मशीन एक आणि त्यावर जगणारी माणसं मोजकी. एकाची जागा गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नसे. ती जागा म्हणजे ह्यांचा जीव होता, साधा हिशेब.

म्हणून घरातला माठ मी कोठीच्या खोलीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी मी सकाळीच एका लोटीत काढून द्यायचे, दिवसभर पुरवून प्या म्हणायचे. मीठ तर नावालाच. बाहेर कौलांवरून धो धो पाणी पडतंय, भिंती ओलाव्यानं काळ्या पडल्यात, डोंगरावरून ओहोळ रस्त्यावर आलेत, आणि हा माणूस खिडकीशी बसून लोटीत बोट बुडवून ओठांना लावतोय. बघणाऱ्याला मीच राक्षसीण वाटणार. वाटू दे. लोकांच्या वाटण्यानं किडन्या चालू होत नव्हत्या.

तरी एक गोष्ट मला छळत होती. गुरुवार नेहमी चांगला जायचा आणि सोमवार नेहमी वाईट.

गुरुवारी ह्यांना काट्यावर उभं केलं की वजन थोडंसं वाढलेलं असायचं. हाताला बसवलेल्या नळ्या मशीनला जोडायच्या, मशीन संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचं, हे अधूनमधून झोपायचे, अधूनमधून रेल्वेतल्या साहेबांच्या नकला करून नर्सला हसवायचे. परतीच्या गाडीत कर्जत आलं की म्हणायचे, "घरी काय केलंयस जेवायला?" दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर माणसात आल्याची कळा असायची.

सोमवारी काटा पार पुढं जायचा. डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि रागीट होते. काट्याकडे बघून ते ह्यांच्यावर खेकसायचे, "किती पाणी प्यायलात?"

"एक थेंब जास्तीचा नाही, साहेब."

"मग काटा खोटं बोलतोय?"

"ते मला काय माहीत," हे म्हणायचे, आणि पुन्हा ते गरीब गाईचं तोंड.

मग डॉक्टर मशीनचा दाब वाढवायचे. आणलंय तेवढं सगळं आज काढायचंच, असा त्यांचा बाणा. दुपार होईतो ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागायचे. साधे गोळे नव्हेत. पायाचा अंगठा वळून तळव्याला लागायचा आणि हे ओरडायचे. घाटात इंजिनाखाली झोपून काम करणारा, हातावर तापलेलं लोखंड पडलं तरी फक्त शिवी घालणारा माणूस लहान पोरासारखा आई गं, आई गं करायचा. मी दोन्ही हातांनी पाऊल दाबून धरायचे. मग उलटी. मग घाम. मग चेहरा पांढराफटक, आणि नर्स धावत येऊन खाटेची पायाकडची बाजू उचलायची. रक्तदाब कोसळलेला असायचा. तो वर आणायला सलाईन लावायची. म्हणजे सकाळपासून जीव काढून बाहेर ओढलेलं पाणी, तेच पुन्हा बाटलीतून आत! आणि मग मशीन बंद. अर्ध्या वेळात बंद. अंगातलं विष निम्मं तसंच घेऊन आम्ही संध्याकाळच्या गाडीला बसायचो.

मंगळवारी, बुधवारी त्याचे भोग. तोंडाला लोखंडाची चव. अंगभर खाज. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा, गिळवायचा नाही. माझं घर, माझं कुलूप, त्यामुळे पाणी साठायचं नाही हे खरं; पण रक्त घाण ते घाणच.

एका सोमवारी हे सगळं यथासांग झाल्यावर मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. माझा आवाज शाळेतला आहे, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. म्हटलं, "तुम्ही माणसाला बरं करता की पिळून काढता? हळू का नाही काढत?"

त्यांनीही आवाज चढवला. "मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? मशीन रक्तातलं पाणी ओढतं. पायातलं, अंगातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. ते येण्याच्या आत मी ओढलं की दाब पडणारच. मला काय हौस आहे? ह्यांच्यानंतर उद्या दुसरा, परवा तिसरा. चार दिवसांचं पाणी हे आणणार आणि मी एका दिवसात काढायचं. थोडं आणलं तर थोडंच काढीन, मशीन पुरा वेळ चालेल, रक्त नीट धुतलं जाईल. गुरुवारी होतं की नाही? मग सोमवारी का होत नाही? तुमचा माणूस चोरून पितो."

"नाही पीत. किल्ली माझ्याकडे आहे."

"तर मग पुढच्या सोमवारी दाखवा. हेच वजन असलं तर मी ही जागा दुसऱ्याला देतो. जो पाळेल त्याला देतो. बघा तिकडे कोण बसलंय."

मी बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एक बाई बसली होती, नऊवारी लुगड्यातली, कर्जतकडची. तिला मी ओळखत होते. तिचा नवरा बाकावर आडवा असायचा, तोंड पिवळंजर्द, पाय सुजून चप्पल न मावणारे. दर सोमवारी ती मला विचारायची, "आज कसं हाय तुमच्या मालकांचं?" मी तिला भली बाई समजत होते. ती भली होतीच. पण ती आमच्या जागेसाठी बसली होती हे मला त्या क्षणी कळलं. डॉक्टरांनी तिलाही सोमवारी यायला सांगितलं होतं. कदाचित जागा होईल म्हणून.

घाट चढेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. गुरुवार ते सोमवार. माझ्या घरात कुलूप आहे, मग पाणी शिरतं कुठून? आणि खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दर शनिवारी दुपारी हे औंढ्याला आपल्या आईकडे जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे.

सासूबाईंना मी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, "आत्या, ह्यांना पाणी म्हणजे विष. द्यायचं नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. मी मनात म्हटलं, म्हातारीनं शपथ मोडली. लेकरानं केविलवाणं तोंड केलं आणि ही विरघळली. त्या आठवड्यात मी जेवढे दात खाल्ले तेवढे आयुष्यात खाल्ले नसतील.

शनिवारी हे गावातल्या कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून गेले. सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तशीच औंढ्याची वाट धरली. भाताच्या खाचरांत लावणी होऊन गेली होती, बांधावरून चालताना पाय घसरत होते, आणि प्रत्येक घसरण्याला माझा पारा एकेक चढत होता.

सासूबाईंच्या घराच्या पडवीत हे मांडी घालून बसले होते. पुढ्यात काशाचा वाडगा. दोन्ही हातांनी उचललेला, ओठांना लावलेला, डोळे मिटलेले. वाडग्यातून आंबेमोहोराचा वास येत होता. पेज. सासूबाई शेजारी बसून पदरानं वारा घालत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मी वाडगा ह्यांच्या हातातून ओढून घेतला. थोडी पेज ह्यांच्या सदऱ्यावर सांडली.

"काय झालं गं?" सासूबाई दचकून उठल्या. "अगं, पानी न्हाई दिलं मी. तुझ्या गळ्याची आण. एक थेंब न्हाई. हंडे, कळश्या समद्या शेजारच्या घरात न्हेऊन ठेवल्यात. त्येच्या नजरंला पडाया नकोत म्हनून. मीबी तितंच जाऊन पिती."

मी स्वयंपाकघरात डोकावले. खरंच, हंड्यांची जागा रिकामी होती. जमिनीवर फक्त त्यांच्या बुडांच्या ओल्या गोल खुणा. ह्या बाईनं आपल्या घरातलं पाणी घराबाहेर काढलं होतं, माझ्यापेक्षाही कडक वागली होती, आणि मग चुलीवर पातेलं ठेवून लेकाला शनिवारी दोनदा आणि रविवारी दोनदा पोटभर पेज पाजत होती. मीठ घालून. आळणी उतरत नाही म्हणून.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. "आत्या, पेज म्हणजे काय असतं?"

"पेज म्हंजी भात. पोटाला आधार. आजाऱ्याला पेज न्हाई द्यायची तर काय दगडं द्यायची? भाकर उतरत न्हाई त्येला. तू तितं काय घालतीस खायाला, बघती न मी, गळ्याची हाडं वर आलीत."

मी दोरीवरचा धुतलेला पंचा ओढला, पातेल्यावर बांधला आणि चुलीजवळची सगळी पेज त्यातून दुसऱ्या पातेल्यात ओतली. पंच्यात मूठभर शितं राहिली. पातेलं पांढऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलं. ते मी सासूबाईंच्या पुढ्यात आदळलं.

"हा भात," पंचा त्यांच्या समोर धरून मी म्हटलं, "आणि हे पाणी. हे सगळं तुमच्या लेकाच्या अंगात जातं. बाहेर यायला वाट नाही त्याला."

"पेजंला पानी म्हनत्यात व्हय?" सासूबाईंचा आवाजही चढला. "शाळा शिकवतीस म्हनून आमाला तांदूळ शिकवू नगस. आन् आसलं पानी तर आसलं. ती मशीन काढती न्हवं? त्येच्यासाठीच जातो न ममईला? काढू दे की तिला."

तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना सगळं समजत होतं. दुसरी-चौथी शिकलेल्या म्हातारीला कळत नव्हतं ते ठीक. पण हा माणूस सात वर्षं वाफेच्या बॉयलरमधलं पाणी काचेच्या नळीवर बघत आला होता, ह्याला पेजेतलं पाणी दिसत नव्हतं?

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तहान काय असते ते तुला ठाऊक नाही," हे हळूच म्हणाले. "तू लोटी देतेस ती मी दिवसभर बघत बसतो. इथं कुणी मला लोटी देत नाही. इथं मला जेवायला वाढतात."

माझ्या तोंडाशी दहा शिव्या आल्या. त्या गिळून मी सासूबाईंकडे वळले. "आत्या, मशीन पाणी कसं काढतं हे ह्यांनी सांगितलंय का कधी?"

"गादीवर झोपवत्यात म्हनं दिसभर. नर्सबाई चादर घालती."

"गप्प बस," हे म्हणाले.

मी गप्प बसले नाही. सगळं सांगितलं. विहिरीला इंजिन लावून पाणी उपसलं तर झरे भरायला वेळ देतात की नाही? इथं वेळ नाही. झरे भरायच्या आत उपसा चालूच. पोटऱ्यांत गोळे कसे येतात, अंगठा कसा वळतो, हे कसे ओरडतात, काय म्हणून ओरडतात. "आई गं म्हणून ओरडतात, आत्या. तुमच्या नावानं." आणि मग मशीन अर्ध्यावर बंद पडतं, म्हणून रक्तातलं विष तसंच राहतं, म्हणून तोंडाला चव नसते, म्हणून भाकरी उतरत नाही, म्हणून तुम्ही पेज देता. आणि पेज दिली की पुन्हा तेच. येत्या सोमवारी असंच झालं तर जागा जाणार. जागा गेली की काही आठवड्यांचा खेळ.

सासूबाई पातेल्यातल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घरच जाळलं होतं. "तिला कशाला सांगितलंस? तिला काय करायचंय ते ऐकून?" त्यांचा राग मला कळत होता. आईला फसवून ते आपली लाज राखत होते. पण त्या लाजेची किंमत दर सोमवारी मोजली जात होती, आणि पाऊल दाबून धरायला मी होते.

सासूबाई पातेलं उचलून परसात गेल्या आणि पेजेचं पाणी म्हशीच्या आंबोणात ओतलं. परत येऊन चुलीपुढं बसल्या, तांदळाचं पीठ काढलं. एवढंच म्हणाल्या, "भाकरी चावून चावून खायाची. न्हाई उतरली तर तशीच बसून ऱ्हायचं. रडायचं न्हाई." ते ह्यांना उद्देशून होतं की स्वतःला, मला कळलं नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत मी तिथंच राहिले. ह्यांनी चतकोर-चतकोर भाकरी खाल्ली, शेंगदाण्याएवढा घास करून.

सोमवारी काट्यावर ह्यांना उभं केलं. डॉक्टर वाकले, काटा बघितला, पुन्हा बघितला. वजन गुरुवारसारखंच वाढलं होतं, थोडंसं. त्यांनी मशीनचा दाब हलकाच ठेवला. दुपार झाली. मी खाटेच्या पायाशी हात तयार ठेवून बसले होते. गोळा आला नाही. हे झोपले, जागे झाले, पुन्हा झोपले. संध्याकाळी मशीन पूर्ण वेळ चालून थांबलं तेव्हा नर्सनं ह्यांच्या गालावर टिचकी मारली.

"बघा," डॉक्टर मला म्हणाले, "नीट वागलं की नीट होतं."

नीट वागलं की! ह्या माणसाला आठवडेच्या आठवडे मी ओरडताना धरून ठेवलं होतं. त्याला चोर म्हणून झालं होतं, खोटारडा म्हणून झालं होतं. आणि वार आठवड्यात दोनच का, मशीन एकच का, सोमवारचं पाणी मंगळवारीही थोडं काढता आलं असतं तर त्या माणसाला एवढं पिळावं लागलं असतं का, हे कुणाला विचारायचं? मी तोंड उघडलं. डॉक्टर तोवर पुढं गेले होते. व्हरांड्याच्या टोकाशी, बाकाकडे.

त्यांनी त्या कर्जतच्या बाईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरज नव्हती. तिनं ह्या वेळी ट्रंक आणली होती, स्टोव्ह आणला होता, वळकटी आणली होती. मुक्काम करायच्या तयारीनं आली होती. डॉक्टर निघून गेल्यावर तिनं वळकटीची सुटलेली दोरी पुन्हा बांधायला घेतली.

मला तिच्या समोरून जायचंच होतं, जिना तिकडेच होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज पुरं झालं म्हनं."

"झालं."

"बरं झालं बाई. मागल्या टायमाला लय वरडत हुते." ती खरंच मनापासून म्हणाली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. "काय केलंत तुमी?"

"पेज बंद केली," मी म्हटलं. "सगळं पाणीच असतं त्यात."

तिचे हात दोरीवर थांबले. "पेज? मी तर दोन्ही टायम देती. दुसरं काय उतरतच न्हाई त्यांच्या घशाखाली." तिनं बाकावरच्या नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या टम्म सुजलेल्या पायांकडे, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "तरीच! मग आजपासनं बंद करती. मग व्हतील न बरे? मशीन न्हाई मिळालं तरी?"

एवढा वेळ माझ्याकडे सगळ्यांना द्यायला राग होता. डॉक्टरांना, ह्यांना, सासूबाईंना, भाजीवालीला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"होतील," मी म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याला जिना उतरवण्यासाठी दुसऱ्या बाजूनं धरलं.